प्लग-इन हायब्रिड मोटारीतील बिघाडनिदान आणि देखभाल : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

यंत्राचा इतिहास बहुधा त्याच्या शोधापासून लिहिला जातो. शोधक कोण, पेटंट कोणाचे, पहिली विक्री कोणत्या वर्षी झाली, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की इतिहास पूर्ण झाला असे मानण्याची प्रथा आहे. वस्तुतः कोणत्याही यंत्राचे खरे आयुष्य ते कारखान्याच्या दारातून बाहेर पडल्यावर सुरू होते. ते वापरले जाते, झिजते, अडते, दुरुस्त होते आणि अखेरीस दुरुस्त होईनासे झाले की भंगारात जाते. या दीर्घ प्रवासात यंत्राशी ज्यांचा प्रत्यक्ष संबंध येतो ते मालक, चालक आणि कारागीर शोधाच्या इतिहासात क्वचितच दिसतात.

मोटारीच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. विसाव्या शतकात मोटार दुरुस्त करणारा कारागीर हा गावोगावच्या जीवनाचा एक घटक बनला. इंजिनाच्या आवाजावरून, धुराच्या रंगावरून आणि हाताला लागणाऱ्या थरथरीवरून दोष ओळखण्याचे त्याचे ज्ञान पुस्तकी नव्हते. ते गुरूकडून शिष्याकडे आणि मोठ्या भावाकडून धाकट्याकडे जात राहिले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ज्या मोटारी रस्त्यावर आल्या त्यांनी या ज्ञानापुढे मोठा प्रश्न उभा केला. त्यांपैकी प्लग-इन हायब्रिड मोटार ही या दृष्टीने सर्वांत बोलकी होय.

प्लग-इन हायब्रिड मोटारीत पेट्रोल किंवा डिझेलवर चालणारे इंजिन आणि विजेवर चालणारी मोटर अशी दोन चालकयंत्रे असतात. साध्या हायब्रिड मोटारीतील लहान बॅटरी इंजिनाच्या आणि ब्रेकच्या ऊर्जेवर भरली जाते. प्लग-इन प्रकारात बॅटरी तुलनेने मोठी असते आणि ती घरातील सॉकेटवरूनही भरता येते. त्यामुळे रोजचा जवळचा प्रवास विजेवर आणि लांबचा प्रवास इंधनावर करता येतो. मात्र दोन यंत्रे एकत्र आली की दोघांचे दोषही एकत्र येतात. त्याशिवाय दोघांच्या संयोगातून काही नवे दोष निर्माण होतात. प्रस्तुत लेखात या दोषांचे निदान आणि निवारण कसे होत आले, ते ज्ञान कोणाच्या हाती राहिले आणि त्यावर हक्क सांगण्यासाठी समाजाने काय केले, याचा ऐतिहासिक आढावा घेण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) हायब्रिड मोटारीच्या आरंभीच्या प्रयोगांच्या अपयशात देखभालीच्या अडचणींचा वाटा किती होता हे पाहणे.
२) मोटारीत स्वयंनिदानाची व्यवस्था कशी आली आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हे स्पष्ट करणे.
३) प्लग-इन हायब्रिड मोटारीच्या देखभालीची वैशिष्ट्ये प्रत्यक्ष उदाहरणांतून समजून घेणे.
४) दुरुस्तीच्या ज्ञानावरील हक्काचा प्रश्न आणि भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, त्याचे संदर्भ तपासणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे. इ. स. १९०० ते २०२४ हा कालखंड अभ्यासासाठी घेतला आहे.

आरंभीचे प्रयोग : व्हिएन्ना ते शिकागो

व्हिएन्ना येथील लोनर यांच्या कारखान्यात फर्डिनांड पोर्श या तरुण अभियंत्याने १९०० च्या सुमारास एक विलक्षण मोटार तयार केली. तिच्या पुढच्या चाकांच्या तुंब्यातच विद्युत मोटरी बसविलेल्या होत्या. दोन लहान पेट्रोल इंजिने जनित्रे फिरवीत आणि त्यांची वीज मोटरींना व बॅटरीला मिळे. या मोटारीला ‘सेम्पर व्हिव्हुस’, म्हणजे सदैव जिवंत, असे लॅटिन नाव देण्यात आले. बॅटरी संपली की मोटार रस्त्यात मरून पडते, हा तत्कालीन विद्युत मोटारीचा मुख्य दोष होता. नावातच त्या दोषावरचा उपाय सांगितलेला होता.

प्रत्यक्षात ही मोटार लोकप्रिय झाली नाही. शिसे-आम्ल बॅटरीचे वजन, चाकांवर पडणारा भार, गुंतागुंतीची रचना आणि मोठी किंमत यांमुळे तिचा वापर मर्यादित राहिला. पुढील सुधारित आवृत्तीत बॅटरी लहान करून इंजिन मोठे करण्यात आले. म्हणजे पोर्श यांनाही वजन आणि देखभाल यांच्यापुढे माघार घ्यावी लागली.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील शिकागोचे आहे. तेथील वुड्स कंपनीने १९१६ मध्ये ‘ड्युअल पॉवर’ नावाची मोटार बाजारात आणली. ताशी सुमारे १५ मैलांपर्यंत ती विजेवर चाले आणि त्यापुढे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन काम करी. कल्पना आधुनिक होती, परंतु ही मोटार किमतीच्या मानाने संथ आणि दुरुस्तीस अतिशय अवघड ठरली. १९१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तत्पूर्वी १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत स्टार्टर कॅडिलॅक मोटारीत आला होता. हाताने दांडा फिरवून इंजिन सुरू करण्याचा त्रास संपल्याने विद्युत मोटारीचा एक मोठा लाभ नाहीसा झाला.

या दोन्ही प्रयोगांतून एक गोष्ट दिसून येते. दोन चालकयंत्रांमधील मेळ त्या काळी मनुष्याला किंवा साध्या यांत्रिक कळींना सांभाळावा लागे. विजेचे काम जाणणारा आणि इंजिनाचे काम जाणणारा असे दोन कारागीर एका मोटारीसाठी लागत. बिघाड कोणत्या भागात आहे हे ठरविण्यातच वेळ जाई. एकत्रित यंत्राला एकत्रित ज्ञान असणारा कारागीर मिळाला नाही, हे त्यांच्या अपयशाचे एक महत्त्वाचे कारण मानता येईल.

मध्यंतरीचे प्रयत्न

यानंतर सुमारे अर्धशतक हायब्रिड मोटार विस्मृतीत गेली. १९७० च्या दशकात हवेचे प्रदूषण आणि तेलसंकट यांमुळे तिच्याकडे पुन्हा लक्ष वळले. अमेरिकन अभियंते व्हिक्टर वूक यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९७४ मध्ये ब्यूक स्कायलार्क मोटारीत लहान इंजिन आणि विद्युत मोटर बसवून तिची सरकारी चाचणी करून घेतली. चाचणीत प्रदूषण पुष्कळ कमी आढळले, तथापि सरकारी योजना पुढे गेली नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत प्राध्यापक अँड्र्यू फ्रँक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९० च्या दशकात प्लगवर भरता येणाऱ्या अनेक हायब्रिड मोटारी घडविल्या. आज प्रचलित असलेल्या संकल्पनेची जडणघडण अशा रीतीने एका विद्यापीठाच्या कार्यशाळेत झाली, ही बाब महाविद्यालयीन अध्यापकांनी आवर्जून लक्षात घेण्याजोगी आहे.

जर्मनीतील आउडी कंपनीने १९९७ मध्ये ‘ड्युओ’ ही डिझेल इंजिन आणि विद्युत मोटर असलेली, घरच्या वीजजोडणीवर भरता येणारी मोटार विक्रीस आणली. तिच्या केवळ ६० च्या आसपास मोटारी तयार झाल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये टोयोटाची ‘प्रियस’ विक्रीस आली. तिला प्लग नव्हता, परंतु इंजिन आणि मोटर यांच्यातील मेळ संगणकाने सांभाळावा ही गोष्ट तिने व्यवहारात सिद्ध केली. वुड्सच्या मोटारीला जे साधले नव्हते ते ऐंशी वर्षांनंतर संगणकामुळे साधले.

स्वयंनिदानाचा उदय

मोटारीने आपला दोष आपणच सांगावा ही कल्पना मूळ दुरुस्तीच्या सोयीसाठी आली नाही. ती प्रदूषणनियंत्रणातून आली. कॅलिफोर्निया राज्याने १९८८ पासून नव्या मोटारींत प्रदूषणाशी संबंधित दोष दाखविणारी व्यवस्था आवश्यक केली. तिची सुधारित आवृत्ती १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना लागू झाली. तिच्यामुळे सोळा पिनांची एकसारखी जोडणी आणि बिघाडसंकेतांची एकसारखी भाषा अस्तित्वात आली. त्याआधी १९८६ मध्ये बॉश कंपनीने मोटारीतील वेगवेगळ्या नियंत्रकांना एकाच तारजोडीवर परस्परांशी बोलू देणारी ‘कॅन’ ही पद्धत जाहीर केली होती. या दोन घटना एकत्र आल्या आणि मोटारीच्या आत एक संवाद सुरू झाला. तो ऐकण्यासाठी कानाऐवजी स्कॅनर हे उपकरण लागू लागले. भारतात अशी व्यवस्था भारत स्टेज चार मानकांबरोबर २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांनी ती अधिक काटेकोर केली.

बिघाडसंकेत हे एक अक्षर आणि त्यापुढील चार चिन्हे यांनी बनते. ‘पी’ हे अक्षर इंजिन व चालकयंत्रणेचे, ‘बी’ सांगाड्यावरील सोयींचे, ‘सी’ चाके-ब्रेक यांचे आणि ‘यू’ अंतर्गत संवादाचे निदर्शक होय. हायब्रिड मोटारींसाठी या भाषेत नवे संकेत घालण्यात आले. उदाहरणार्थ, ‘पी०ए८०’ हा संकेत मुख्य बॅटरी बदलण्याची सूचना देतो, तर ‘पी०एए६’ हा उच्च विद्युतदाबाच्या मंडलातील विद्युतरोधन कमी झाल्याचे सांगतो.

तथापि संकेत आणि निदान या दोन भिन्न गोष्टी आहेत. विद्युतरोधनाचा वरील संकेत हे त्याचे उत्तम उदाहरण होय. हायब्रिड मोटारीत मुख्य बॅटरीचे कोणतेही टोक सांगाड्याला जोडलेले नसते. त्यामुळे एखाद्या ठिकाणी विद्युतरोधन बिघडले तरी लगेच धक्का बसत नाही. नियंत्रक मात्र बॅटरी आणि सांगाडा यांमधील रोध सतत मोजत असतो आणि तो ठरावीक मर्यादेखाली गेला की संकेत देतो. दोष बॅटरीत असेल, मोटरच्या वेटोळ्यात असेल, नारिंगी तारेत शिरलेल्या ओलाव्यात असेल किंवा वातानुकूलन यंत्राच्या विद्युत कॉम्प्रेसरमध्ये असेल. पुष्कळ वेळा कॉम्प्रेसरमध्ये साध्या मोटारीचे तेल भरल्यामुळे हा संकेत येतो, कारण त्या मोटारींना एस्टर प्रकारचे विद्युतरोधक तेल लागते आणि दुसऱ्या तेलाचा अल्प अंशही रोध कमी करतो. संगणक येथे केवळ लक्षण सांगतो. एकेक भाग वेगळा काढून, रोधमापकाने मोजून, मूळ कारणापर्यंत पोहोचण्याचे काम कारागिराच्या बुद्धीवरच सोपविलेले असते. संकेत पाहून थेट भाग बदलणाऱ्या दुरुस्तीत मालकाचा मोठा खर्च होतो आणि दोष तसाच राहतो.

मालकांनी केलेले बंड

२००४ चे मॉडेल म्हणून अमेरिकेत आलेल्या प्रियसच्या दुसऱ्या पिढीत एक कुतूहलाची गोष्ट होती. जपान आणि युरोपातील मोटारींत केवळ विजेवर चालण्याचे बटन होते, अमेरिकेतील मोटारीत ते दिलेले नव्हते. काही जिज्ञासू मालकांनी ती सुविधा स्वतः जोडून घेतली. पुढे कॅलिफोर्नियातील ‘कॅलकार्स’ या ना-नफा गटातील फेलिक्स क्रॅमर, रॉन ग्रेम्बन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्येच एका प्रियसमध्ये अधिक शिसे-आम्ल बॅटरी बसवून ती घरच्या प्लगवर भरण्याजोगी केली. मोटार उत्पादकांनी ज्याला अव्यवहार्य म्हटले ते एका घराच्या गॅरेजमध्ये करून दाखविण्यात आले. जनमत आणि उत्पादक या दोघांवरही त्याचा परिणाम झाला.

या बंडाला दुसरी बाजूही होती. २००८ मध्ये अमेरिकेत अशाच रूपांतरित केलेल्या एका मोटारीला चालू असताना आग लागली. तपासणीत बॅटरीच्या विद्युत जोडांची जुळणी सदोष असल्याचे आणि जोड अतिशय तापल्याचे निष्पन्न झाले. एका सैल बोल्टमुळे रोध वाढतो, रोधामुळे उष्णता वाढते आणि उष्णतेमुळे बॅटरी पेटते. इंजिनाच्या जगात सैल बोल्ट खडखडतो आणि कारागिराला सावध करतो. विजेच्या जगात तो आवाज करीत नाही. खुल्या दुरुस्तीचा हक्क मागताना प्रशिक्षणाची जबाबदारी का टाळता येत नाही, हे या घटनेने दाखविले.

देखभालीची नवी तत्त्वे : व्होल्टचे उदाहरण

चीनमधील बीवायडी कंपनीने डिसेंबर २००८ मध्ये ‘एफ३डीएम’ ही कारखान्यात मोठ्या प्रमाणावर तयार होणारी पहिली प्लग-इन हायब्रिड मोटार विक्रीस आणली. जनरल मोटर्सची ‘शेव्हरोले व्होल्ट’ डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेत ग्राहकांच्या हाती आली. व्होल्टमध्ये १६ किलोवॅट-तासांची, २८८ घटांची, द्रवाने थंड होणारी बॅटरी होती. अमेरिकन सरकारी मोजणीनुसार ती विजेवर ३५ मैल जात असे आणि पुढे १.४ लिटरचे इंजिन मदतीस येई. बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख मैलांची हमी देण्यात आली. घटांचे आयुष्य वाढावे म्हणून बॅटरीच्या एकूण क्षमतेपैकी सुमारे दोन तृतीयांश भागच वापरात आणला जाई. यंत्राच्या रचनेतच देखभालीचा विचार किती खोलवर गेला होता हे यावरून दिसते.

साधी मोटार वापराने झिजते. व्होल्टमध्ये याच्या उलट प्रश्न उभा राहिला. जो मालक रोज थोडेच अंतर जाई आणि रात्री मोटार प्लगला लावी, त्याचे इंजिन महिनोन्महिने सुरूच होत नसे. त्यामुळे इंजिनातील तेलाचा थर ओसरणे आणि टाकीतील पेट्रोल जुने होऊन त्याचा दर्जा घसरणे हे दोष संभवत. त्यावर अभियंत्यांनी दोन उपाय योजले. सुमारे सहा आठवडे इंजिन सुरू झाले नाही तर मोटार ते काही मिनिटे स्वतःहून चालविण्याची सूचना देई. टाकीतील इंधनाचे सरासरी वय एक वर्षाच्या जवळ आले की ते संपेपर्यंत इंजिन वापरले जाई. इंजिन तेल अंतरावर मोजून बदलण्याऐवजी प्रत्यक्ष इंजिन-वापरावरून आणि जास्तीत जास्त दोन वर्षांनी बदलण्याचा नियम झाला. न वापरल्यानेही यंत्र बिघडते, हे जुन्या घरातल्या बंद खोलीसारखे सत्य मोटारीच्या देखभालशास्त्रात प्रथमच इतक्या स्पष्टपणे नोंदले गेले.

मालकांना गोंधळात टाकणारा आणखी एक दोष लहान बॅटरीचा आहे. मुख्य बॅटरी पूर्ण भरलेली असतानाही प्लग-इन हायब्रिड मोटार पूर्णतः निर्जीव पडू शकते. मुख्य बॅटरीला मंडलाशी जोडणारे संपर्कस्विच आणि सर्व नियंत्रक १२ व्होल्टच्या साध्या बॅटरीवर चालतात. ती उतरली की मोठ्या बॅटरीतील वीज बंद दारामागेच राहते. शिवाय या बॅटरीचा दाब थोडा कमी असतानाही नियंत्रक परस्परांशी नीट बोलू शकत नाहीत आणि एकाच वेळी असंबद्ध असे अनेक संकेत नोंदले जातात. म्हणून पुष्कळ संकेत एकदम दिसल्यास प्रथम १२ व्होल्टची बॅटरी व तिचे जोड तपासावेत, हा या मोटारींच्या बिघाडनिदानाचा पहिला धडा मानला जातो.

त्याचप्रमाणे मोटर ब्रेकचे काम करीत असल्याने ब्रेकचे पॅड दीर्घकाळ टिकतात, परंतु कमी वापरामुळे डिस्कला गंज चढतो आणि कॅलिपर अडकतो. इंजिन, बॅटरी आणि विद्युत-नियंत्रक यांच्यासाठी कूलंटची वेगवेगळी मंडले असतात आणि प्रत्येकाची पातळी स्वतंत्रपणे पाहावी लागते. या कूलंटचे महत्त्व एका घटनेने जगासमोर आणले. मे २०११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने व्होल्टची बाजूने खांबावर आदळण्याची चाचणी घेतली. त्यात बॅटरीला इजा झाली आणि कूलंट गळाले. सुमारे तीन आठवड्यांनी आवारात उभ्या असलेल्या त्या मोटारीने पेट घेतला. नोव्हेंबर २०११ मध्ये औपचारिक चौकशी सुरू झाली आणि जानेवारी २०१२ मध्ये ती संपली. इतर मोटारींच्या तुलनेत या मोटारीला आगीचा अधिक धोका असल्याचे प्रशासनाला आढळले नाही. उत्पादकाने बॅटरीभोवतीचा सांगाडा मजबूत केला, कूलंटची पातळी मोजणारा संवेदक बसविला आणि कूलंट वाजवीपेक्षा अधिक भरता येऊ नये म्हणून टाकीला संरक्षक पट्टी लावली. अपघातानंतर बॅटरीतील ऊर्जा काढून टाकणे हाही देखभालीचाच भाग आहे, हे या घटनेपासून सर्वमान्य झाले.

अशीच सावधगिरी प्रत्यक्ष दुरुस्तीत घ्यावी लागते. प्रथम मोटार बंद करून तिची किल्ली दूर ठेवणे, १२ व्होल्टची बॅटरी सोडविणे, विद्युतरोधक हातमोजे घालून मुख्य बॅटरीचा सर्व्हिस-प्लग काढणे, संधारित्रांतील वीज ओसरण्यासाठी उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबणे आणि मग मीटरने दाब शून्य असल्याची खात्री करणे, हा क्रम कोठेही मोडता येत नाही. जुन्या कारागिराचे ‘आधी हात लावून पाहू’ हे तत्त्व येथे प्राणघातक ठरते.

ज्ञानावरील हक्क

मोटारीचे ज्ञान संगणकात गेले तसे ते उत्पादकाच्या ताब्यातही गेले. सामान्य स्कॅनरला प्रदूषणाशी संबंधित संकेत वाचता येतात, परंतु बॅटरीतील प्रत्येक घटाचा दाब पाहणे, नवा नियंत्रक मोटारीला ओळखीचा करून देणे किंवा कूलंट भरल्यावर त्यातील हवा काढण्यासाठी पंप चालविणे यांसाठी अनेकदा उत्पादकाचेच सॉफ्टवेअर लागते. हमी संपल्यावर हा प्रश्न तीव्र होतो. व्होल्टचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले आणि आरंभीच्या मोटारींची हमी त्याच सुमारास संपू लागली. मोटार मालकाची असली तरी तिचा दोष जाणण्याचा अधिकार त्याचा आहे काय, असा हा प्रश्न आहे.

युरोपीय संघाने २००२ च्या नियमांद्वारे स्वतंत्र दुरुस्तीकारांना तांत्रिक माहिती मिळण्याची तरतूद केली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये मोटारीच्या दुरुस्तीहक्काचा कायदा केला आणि २०१४ मध्ये उत्पादकांनी देशपातळीवर त्यानुसार सामंजस्य करार केला. मोटारी बिनतारी पद्धतीने माहिती थेट उत्पादकाकडे पाठवू लागल्यावर त्याच राज्यातील मतदारांनी २०२० मध्ये मोठ्या बहुमताने तीही माहिती खुली करण्याच्या बाजूने कौल दिला. भारतात स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार उत्पादकांना सुटे भाग व निदानसाधने स्वतंत्र दुरुस्तीकारांना न दिल्याबद्दल एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. २०२२ मध्ये केंद्र शासनाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी त्यासाठीचे पोर्टल सुरू केले. त्यात मोटारक्षेत्राचा समावेश आहे.

माहितीची ही वाटचाल एकाच दिशेने होत नाही. युरोपात २०२१ पासून नव्या मोटारींना प्रत्यक्ष इंधनवापराची नोंद ठेवावी लागते. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये या नोंदींवरून दाखवून दिले की, २०२१ मध्ये नोंदणी झालेल्या प्लग-इन हायब्रिड मोटारींचे प्रत्यक्ष कर्ब-उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्यांच्या सरासरी साडेतीन पट होते. अपेक्षेपेक्षा फारच कमी वेळा त्या प्लगला लावल्या जात होत्या. मोटार आता स्वतःच्या दोषांबरोबर मालकाच्या सवयीही सांगू लागली आहे. म्हणून ही माहिती कोणाच्या हाती असावी हा प्रश्न दुरुस्तीपुरता मर्यादित राहिलेला नाही.

महाराष्ट्राचा संदर्भ

या इतिहासाशी पुण्याचा थेट संबंध आहे. पुण्यातील केपीआयटी कमिन्स या कंपनीने २०१० मध्ये ‘रिव्होलो’ हे तंत्र जाहीर केले. चालू वापरातील पेट्रोल किंवा डिझेल मोटारीला विद्युत मोटर व बॅटरीसंच जोडून ती प्लग-इन हायब्रिड करावी अशी त्यामागील कल्पना होती. त्याच्या निर्मितीसाठी पुण्यातीलच भारत फोर्ज या कंपनीशी सहकार्य करण्यात आले. मोटार फेकून न देता तिचे आयुष्य वाढविण्याचा हा विचार भारतीय दुरुस्ती-संस्कृतीशी सुसंगत होता. केंद्रीय मोटार वाहन नियमांत अशा रूपांतराला वाव देणारी दुरुस्ती मात्र २०१६ मध्ये झाली. तोपर्यंत काळ पुढे गेला होता आणि खाजगी मोटारींत हे तंत्र रुजले नाही. १९६६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारतीय वाहन संशोधन संस्थेसारखी चाचणीसंस्था जवळ असूनही, नियम आणि दुरुस्तीकारांचे प्रशिक्षण सोबत नसतील तर तंत्र एकटे टिकत नाही, हा धडा यातून मिळतो.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिक आणि वीजतंत्री हे दोन व्यवसाय परंपरेने स्वतंत्रपणे शिकविले जात आले. १९१६ मध्ये शिकागोच्या मोटारीला ज्या कारणाने अडचण आली तेच कारण शंभर वर्षांनंतरही अभ्यासक्रमात शिल्लक राहिले. अमेरिकेतील युटा राज्याच्या वेबर स्टेट विद्यापीठातील मोटारतंत्र विभागाने व्होल्ट व तत्सम मोटारी पूर्ण उकलून दाखविणारी व्याख्याने चित्रफितींद्वारे सर्वांसाठी खुली केली. एका शैक्षणिक संस्थेने मनावर घेतल्यास उत्पादकाच्या दारामागचे ज्ञान समाजापर्यंत कसे पोहोचू शकते याचे हे अनुकरणीय उदाहरण होय.

निष्कर्ष

१) हायब्रिड मोटारीचे आरंभीचे अपयश केवळ बॅटरीच्या मर्यादेमुळे आले नाही. दोन यंत्रांना एकत्र सांभाळणाऱ्या ज्ञानाचा अभाव हेही त्याचे कारण होते.
२) संगणकामुळे हा मेळ साधला, परंतु त्याबरोबर निदानाचे ज्ञान कारागिराकडून उत्पादकाकडे सरकले.
३) बिघाडसंकेत हा निदानाचा आरंभ असतो. मूळ कारण शोधण्यासाठी प्रशिक्षित मानवी बुद्धीची गरज कायम आहे.
४) न वापरल्याने होणारे बिघाड, लहान बॅटरीमुळे मोठ्या यंत्राचे थांबणे आणि आवाज न करणारे विद्युतदोष ही या मोटारीच्या देखभालीची वैशिष्ट्ये होत.
५) दुरुस्तीचा हक्क आणि दुरुस्तीचे शिक्षण परस्परपूरक आहेत. हक्काविना शिक्षण निरुपयोगी आणि शिक्षणाविना हक्क धोकादायक ठरतो.

महाराष्ट्रातील रस्त्यांच्या कडेला असलेल्या हजारो लहान गॅरेजांवर असंख्य कुटुंबे अवलंबून आहेत. नव्या मोटारीचे दार त्यांच्यासाठी बंद राहिले तर त्या कुटुंबांची उपजीविका धोक्यात येईल. त्यासोबतच तीन पिढ्यांनी जमविलेले, लक्षणावरून कारण शोधण्याचे कौशल्यही लोप पावेल. त्या कौशल्याची आजही गरज आहे, हे विद्युतरोधनाच्या एका साध्या संकेताच्या उदाहरणावरून दिसून आले. त्याला मीटर, हातमोजे आणि खुली माहिती यांची जोड देणे हे कायदा करणाऱ्यांचे जितके काम आहे तितकेच ते शिकविणाऱ्यांचेही आहे.